डायब्लो टू रिसरेक्टेडमध्ये बॅग आणि स्टॅश कसा लावायचा: पायरी पायरीनं

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा ४२ च्या वर, त्यामुळं सुट्टीत लई पोरं घरात बसून डायब्लो टू रिसरेक्टेड हा राक्षस मारत माल गोळा करायचा गेम चालू करतात आणि दोन दिवसांत सगळ्यांचा प्रश्न एकच येतो, "हे ठेवू का विकू बे, बॅग फुल झाली". म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गेम मनापासून आवडतो आणि बॅगेच्या वैतागापायी कोणी अॅक्ट टू मध्येच (गेमच्या दुसऱ्या भागात) सोडून दिला की खरंच वाईट वाटतं.

मूळ गेम २००० चा, रिसरेक्टेड आला २३ सप्टेंबर २०२१ ला. ग्राफिक्स नवीन आहे पण बॅगेचा हिशोब जुनाच. बॅग १० बाय ४, म्हणजे ४० स्लॉट (चौकोनी खाने), आणि लेव्हल कितीही वाढवा ती वाढत नाही. वजन हा प्रकार नाही, फक्त जागा. अंगठी नि अॅम्युलेट १ स्लॉट, हेल्मेट २ बाय २, चिलखत २ बाय ३, मोठा भाला किंवा पोलआर्म (लांब दांड्याचं हत्यार) २ बाय ४ म्हणजे एकटाच ८ स्लॉट खातो. आणि वस्तू आडवी फिरवता येत नाही, हे डोक्यात ठेवा. ८ स्लॉट रिकामे असून उपयोग नाही, ते ८ एकत्र आणि उभे पाहिजेत. विखुरलेली जागा ही जागाच नाही.

पायरी १: फालतू गोष्टी बॅगेतून बाहेर

पहिल्यांदा पोशन (जीव नि शक्ती भरणाऱ्या बाटल्या) बॅगेत ठेवायची सवय सोडा, त्यांची जागा बेल्टमध्ये. बेल्ट नसेल तर ४ पोशन, साध्या सॅशला (कापडी पट्ट्याला) ८, बेल्ट नावाच्या बेल्टला १२ आणि प्लेटेड बेल्टला १६. त्यामुळं सुरुवातीला चांगला बेल्ट दिसला की आधी तो घ्या, तलवार नंतर बघू. बॅगेतल्या पोशनवर शिफ्ट दाबून क्लिक केलं की ते थेट बेल्टमध्ये जातं.

टाउन पोर्टलचं (गावात परत नेणाऱ्या मंत्राचं) पुस्तक ठेवायचं, त्यात २० स्क्रोल बसतात. आयडेंटिफायचं (अनोळखी वस्तूचे गुण ओळखायचं) पुस्तक मात्र बऱ्याच जणांनी उगाच बाळगलेलं असतं. अॅक्ट वन मध्ये ट्रिस्ट्रम गावी जाऊन डेकार्ड केन या म्हाताऱ्याला सोडवलं की तो फुकटात सगळं ओळखून देतो, मग ते पुस्तक विका, २ स्लॉट सुटतात. चाव्या एका स्लॉटमध्ये १२ बसतात आणि असासिन हे कॅरेक्टर खेळत असाल तर चावी लागतच नाही. सोनं स्लॉट घेत नाही, ते उचलत राहा, फक्त जवळ बाळगायची मर्यादा लेव्हल गुणिले १०,००० आहे.

पायरी २: क्यूब

होराड्रिक क्यूब (माल ठेवायचा आणि वस्तू एकत्र करून नवीन बनवायचा जादूचा डबा) अॅक्ट टू मध्ये ड्राय हिल्समधून खाली हॉल्स ऑफ द डेडच्या तिसऱ्या लेव्हलला पेटीत मिळतो. बॅगेत ४ स्लॉट घेतो, आत १२ देतो, म्हणजे ८ स्लॉटचा निव्वळ फायदा. तो स्टॅशमध्ये (गावातल्या माल ठेवायच्या पेटीत) ठेवून फिरणारे बघितलेत, तसं करू नका, क्यूब सोबत पाहिजे. आतली जागा ३ रुंद आणि ४ उंच आहे, त्यात चिलखत एकच बसतं, म्हणून क्यूबमध्ये बारीक माल टाका, जेम (रत्नं), रून (अक्षर कोरलेले जादूचे दगड), अंगठ्या, आणि मोठा माल बॅगेच्या मोकळ्या भागात.

पायरी ३: चार्म किती ठेवायचे

इथंच सगळे अडकतात. चार्म म्हणजे नुसता जवळ ठेवून ताकद वाढवणारा ताईत, तो बॅगेत असेल तरच काम करतो, क्यूबमध्ये किंवा स्टॅशमध्ये ठेवलेल्या चार्मचा काडीचा उपयोग नाही. स्मॉल चार्म १ स्लॉट, लार्ज १ बाय २, ग्रँड १ बाय ३. मग मोह होतो की बॅग चार्मनीच भरू, आणि हेल डिफिकल्टीला (सगळ्यात अवघड पातळीला) लोक तसं करतातही, पण त्यांचं कॅरेक्टर तयार झालेलं असतं. तुम्ही अजून माल शोधताय ना, मग उचलायला जागा नको का.

माझी मांडणी अशी. डावीकडचे ६ कॉलम कायमचे, उजवीकडचे ४ कॉलम कायम मोकळे. पहिल्या दोन कॉलममध्ये वर क्यूब, खाली डाव्या बाजूला पोर्टलचं पुस्तक आणि त्याच्या शेजारी चाव्या नि एक स्मॉल चार्म. पुढच्या चार कॉलममध्ये चार ग्रँड चार्म उभे आणि त्यांच्या खालच्या ओळीत चार स्मॉल चार्म. झाले २४ स्लॉट, एकही वाया नाही. उरले १६, पण ते सलग ४ बाय ४ आहेत, त्यात दोन मोठे पोलआर्म शेजारी शेजारी बसतात किंवा दोन चिलखतं बसून खाली चार अंगठ्यांची ओळ उरते. यापेक्षा जास्त चार्म पाहिजेत असतील तर ठेवा, पण मग दर पाच मिनिटाला गावात जावं लागेल आणि खेळायची मजा जाते.

पायरी ४: काय उचलायचं

आल्ट दाबून नावं बघा आणि उचलायच्या आधी ठरवा, उचलून नंतर बघू असं नको. नावाच्या रंगावरून वस्तूचा प्रकार कळतो. सोनेरी युनिक आणि हिरवे सेट उचला. पिवळे रेअर असतील तर अंगठी, अॅम्युलेट, हातमोजे, बूट, म्हणजे लहान वस्तू आधी. रून दिसली की उचला, विचारच नको. पांढरं-करडं सामान बहुतेक सोडायचं पण त्यात ४ सॉकेटची (जेम-रून बसवायच्या भोकांची) तलवार किंवा पोलआर्म दिसला की थांबा, ते पुढं सांगतो.

पैशासाठी उचलायचं तर वाँड, स्टाफ आणि सेप्टर (जादूच्या काठ्या नि दंड) उचला ज्यांच्यावर स्किल लिहिलेले असतात, दुकानात त्यांना चांगला भाव येतो आणि वाँडला जागाही कमी लागते. साधी ढाल नि कुऱ्हाड गावापर्यंत वाहून नेण्यात काही राम नाही, नॉर्मल डिफिकल्टीच्या सुरुवातीला ठीक आहे कारण तेव्हा हातात पैसेच नसतात.

पायरी ५: स्टॅश

रिसरेक्टेडमध्ये तुमच्या कॅरेक्टरचा स्वतःचा स्टॅश १० बाय १०, आणि त्याशिवाय सगळ्या कॅरेक्टरमध्ये मिळून वापरायचे शेअर्ड टॅब. गेम आला तेव्हा असे ३ टॅब होते, प्रत्येक १०० स्लॉटचा. जुन्या गेममध्ये शेअर्ड हा प्रकारच नव्हता, लोक माल ठेवायला वेगळं कॅरेक्टर बनवायचे, त्याला म्यूल म्हणतात.

आपल्याकडं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलचं गोडाऊन बघितलं असेल तर लक्षात येईल, रोज जाणारा माल दाराशी आणि सीझनचा माल आत. इथंही तेच करा. स्वतःच्या स्टॅशमध्ये फक्त या कॅरेक्टरला येत्या काही लेव्हलमध्ये लागणार तेवढंच. शेअर्डमध्ये एक टॅब रून नि जेमचा, दुसरा रूनवर्डसाठी (ठरावीक रून क्रमानं बसवून बनणाऱ्या खास वस्तूसाठी) लागणाऱ्या सॉकेटवाल्या वस्तूंचा, तिसरा दुसऱ्या कॅरेक्टरसाठी राखून ठेवलेल्या युनिक नि सेटचा. हेल्मेटांत हेल्मेट, अंगठ्यांत अंगठ्या. स्टॅश उघडा असताना कंट्रोल दाबून क्लिक केलं की वस्तू इकडून तिकडं जाते, ओढत बसायचं काम नाही.

पायरी ६: जेम आणि रून आटवायच्या

स्टॅश भरतो तो यांच्यामुळंच. जेम ७ प्रकारच्या, प्रत्येकीचे ५ दर्जे, म्हणजे सगळं ठेवायचं म्हटलं तर नुसते नमुनेच ३५. क्यूबमध्ये एकाच प्रकारचे, एकाच दर्जाचे ३ टाकले की वरच्या दर्जाचा १ मिळतो. चिप्डपासून (सगळ्यात खालचा दर्जा) परफेक्टपर्यंत (सगळ्यात वरचा) जायला ८१ चिप्ड लागतात, म्हणून चिप्डच्या मागं लागू नका, फ्लॉलेस (परफेक्टच्या एक पायरी खालचे) मिळतात तेव्हा ते उचला. परफेक्ट टोपाझ हेल्मेटच्या सॉकेटमध्ये घातला की २४ टक्के मॅजिक फाइंड (चांगला माल पडायची शक्यता) मिळतं, तेवढे वेगळे काढा. बाकी कुठलेही ३ परफेक्ट जेम आणि १ निळी (मॅजिक) वस्तू क्यूबमध्ये टाकली की त्या निळ्या वस्तूचे गुण नव्यानं पडतात, चांगल्या ग्रँड चार्मसाठी लोक जेम यातच घालवतात.

चिप्ड अगदीच फेकून देऊ नका मात्र. ३ हेल्थ पोशन, ३ माना पोशन आणि १ चिप्ड जेम असं क्यूबमध्ये टाकलं तर रिजुव्हिनेशन पोशन (जीव नि माना दोन्ही एकदम भरणारं) बनतं, बॉसपुढं हेच जीव वाचवतं.

रून एकूण ३३. एल पासून ऑर्ट पर्यंत ३ सारख्या टाकल्या की पुढची १ मिळते, नंतर सोबत जेमही लागतो, जसं ३ थूल आणि १ चिप्ड टोपाझ टाकला की आम्न. म्हणून एल, एल्ड जमल्या की वर चढवा. पण टाल, थूल, ऑर्ट, आम्न यांचा एक एक तरी संच ठेवा, कारण याच क्रमानं ४ सॉकेटच्या तलवारीत किंवा ढालीत घातल्या की स्पिरिट नावाचं रूनवर्ड होतं. राल, टिर, टाल, सोल हे पोलआर्म किंवा स्टाफमध्ये घातलं तर इनसाइट हे रूनवर्ड. वर ४ सॉकेट दिसले की थांबा म्हणालो ते यासाठी, आणि वस्तू पांढरी-करडीच लागते, निळ्या-पिवळ्यात रूनवर्ड होत नाही.

पायरी ७: गेम बंद करताना

जमिनीवर टाकलेली वस्तू गेममधून बाहेर पडलं की गेली, परत मिळत नाही. स्टॅश लावताना बऱ्याच जणांना अर्धा माल खाली टाकून मांडायची सवय असते, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा नाही. इन्व्हर्टर नसेल तर खाली काहीही टाकू नका, क्यूबचा वापर करून अदलाबदल करा. दर फेरीनंतर गावात आलात की मोकळे ४ कॉलम परत मोकळे करूनच बाहेर पडा.

ऑनलाइन लॅडर (दर सीझनला नव्यानं सुरू होणारी स्पर्धा) खेळणाऱ्यांनी एवढं बघा की लॅडर नि नॉन-लॅडर, हार्डकोर (एकदा मेलं की कॅरेक्टर कायमचं गेलं) नि साधं, यांचे शेअर्ड स्टॅश वेगवेगळे असतात, ऑफलाइनचा तर पूर्ण वेगळा. सीझन संपला की लॅडरच्या शेअर्ड स्टॅशमधला माल नॉन-लॅडरला वेगळ्या टॅबमध्ये येतो, ज्यातून फक्त काढता येतं, परत ठेवता येत नाही. तो पुढचा सीझन संपायच्या आत काढून घ्यायचा. रून आधी काढा, मग चार्म, मग बाकीचं जेवढं बसेल तेवढं.