खरेदीखत वाचलं, उधारीची वही गेली: दुकानाचे कागद जपताना या चुका टाळा

नाशकात गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की भांडी बाजारात आणि सराफ बाजारात धावपळ सुरू होते. माल वर चढवायचा असतो. 2019 च्या ऑगस्टात अशाच एका दुकानात मी हात द्यायला गेलो होतो. मालक माझ्या वडिलांचे स्नेही, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी सगळ्यांत आधी लाल कापडाचं एक बासन माझ्या हातात ठेवलं. ‘‘हे घेऊन वर जा. माल गेला तरी चालेल.’’

बासनात जागेचं खरेदीखत होतं, दुकानाचा परवाना होता, जीएसटीचं प्रमाणपत्र होतं. सगळं वाचलं. गल्ल्याखालच्या खणातल्या उधारीच्या वह्या आणि माल पोचल्याच्या सह्यांची चलनबुकं मात्र चिखलात गेली. नोंदलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते. मूळ खत हरवलं तर कर्जाच्या वेळी बँक हेलपाटे घालायला लावते, पण वाट असते. जीएसटीचं प्रमाणपत्र तर पोर्टलवरून तिथल्या तिथे उतरवून घेता येतं. त्या वह्यांची दुसरी प्रत मात्र कुठेच नव्हती.

शिक्का बघून कागदाची किंमत ठरवू नका

जुने कागद लावून, स्कॅन करून देण्याचं काम मी करतो, आणि नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की हाच घोळ पुन्हा दिसतो. सरकारी शिक्क्याचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या हातानं लिहिलेला कुठेतरी खाली. विचारायचं एवढंच: हा कागद गेला तर दुसऱ्या कुणाकडून मिळेल का? नाही मिळणार, तर स्कॅनिंग तिथून सुरू करा.

उधारीचंच बघा. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आत गिऱ्हाइकानं बाकी लेखी कबूल करून सही केली, तर तीन वर्षं तिथून नव्यानं मोजतात. ती सही असते आपल्या वहीत. शिवाय वहीतली नुसती नोंद कोर्टात एकटी पुरत नाही, जोडीला माल पोचल्याचं सही केलेलं चलन लागतं. म्हणजे पुरात गेलेलं चलनबुक ही वसुलीच गेली म्हणायची.

सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत हीच गत जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाच्या चलनांची. पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला हे दाखवता आलं नाही, तर जीएसटीत तो पाठवला त्या दिवशीच पुरवला, म्हणजे विकल्यासारखा करपात्र, असं धरतात. ही चलनं मी बहुतेक ठिकाणी तारेत ओवून मशीनशेजारी लटकलेली पाहिली आहेत, तेलाच्या डागांसकट.

स्टीलच्या कपाटावर आणि पोटमाळ्यावर विसंबू नका

2008, 2016, 2019, दर वेळी गावठाणात पाणी शिरलं. सराफ बाजाराला तर गोदावरीसोबत सरस्वती नाल्याचंही भय. तरीही तळमजल्यावरच्या कपाटात सगळ्यांत खालच्या कप्प्यात वह्या, कारण त्या जड असतात. वह्या वर, ताटल्यांचे नमुने खाली, एवढा बदल करायला पैसे लागत नाहीत.

पुराला भिऊन पोटमाळ्यावर टाकलेलं दप्तर वाळवी आणि कसर खातात, उरलेलं पत्र्याची गळती भिजवते. जुन्या वाड्यातल्या लाकडी माळ्यावर कागद ठेवणं म्हणजे वाळवीला ताट वाढून ठेवणं. निदान भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा आणि दर दोन महिन्यांनी गठ्ठा उचलून पाहा.

आगीपुढे साधं कपाट टिकत नाही. पत्रा तापतो आणि आत कागद करपतो. कागदांसाठी प्रमाणित अग्निरोधक तिजोरी घेतली, तर ती ठरलेल्या वेळेपर्यंत आतलं तापमान 177 अंश सेल्सिअसखाली ठेवते. कागद त्यात तगतो. पण लोक त्याच तिजोरीत बॅकअपची हार्डडिस्क ठेवतात. तसल्या माध्यमांसाठीच्या तिजोरीची मर्यादा 52 अंशांची असते, कागदाच्या तिजोरीत डिस्क गेलीच समजा.

आणि विमा? पॉलिसीचं बारीक अक्षर एकदा वाचा. नेहमीच्या अग्निविमा पॉलिसीत हिशेबाच्या वह्या, दस्तऐवज आणि संगणकावरच्या नोंदी वेगळं लिहून घेतल्याशिवाय धरलेल्या नसतात. माल लिहून घेतात सगळे, कागद कुणी घेत नाही.

मोबाइलनं फोटो काढला म्हणजे स्कॅन झालं नाही

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवलेलं बिल दाबून लहान होतं, मोठं करून पाहिलं की आकडे विरतात. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) रंगीत स्कॅन करा. काळंपांढरं ठेवलं तर जागा वाचते, पण जांभळा शिक्का आणि पेन्सिलीची टीप उडते. पाठची बाजू विसरू नका, ‘माल कमी मिळाला’ हे लोक पाठीमागेच लिहितात.

फाइल फार दाबायचा मोहही टाळा. 2013 मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना 6 च्या जागी 8 उमटवत होती. दाबण्याच्या पद्धतीत सारखे दिसणारे तुकडे एकच धरले जात होते. पान स्वच्छ दिसतं आणि आकडा खोटा असतो. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातली चार-पाच पानं मी मूळ कागदाशेजारी धरून ताडून पाहतो.

फाइलला नाव द्या: वर्ष, महिना, पार्टी, चलन क्रमांक. ‘स्कॅन 0047’ नावाच्या तीन हजार फाइली म्हणजे चिखलातलाच गठ्ठा, फक्त कोरडा. जुन्या पेढ्यांकडे मोडीतल्या खतावण्या निघतात. त्या यंत्राकडून वाचून घ्यायच्या भानगडीत न पडता मोडी जाणणाऱ्याकडून नुसती यादी करून घ्या.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. दुकान भांडी बाजारात आणि पेनड्राइव्ह मागच्या गल्लीत भावाच्या घरी, तर पाणी दोघांकडे एकदमच येणार. क्लाउडचं आपोआप जुळणारं फोल्डर एवढ्यावरही निर्धास्त राहू नका, इकडे पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. सहा महिन्यांनी एकदा, दुकानातला संगणक न वापरता, एक जुनं चलन शोधून उघडून पाहा.

स्कॅन झालं म्हणून रद्दीवाल्याला बोलावू नका

जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. 2023-24 चे 31 डिसेंबर 2030 पर्यंत. वाद चालू असेल तर त्याहून लांब. कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या आठ वर्षं. कोर्टात स्कॅन द्यायचं झालं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावा लागतो. सहीचा मूळ कागद हाताशी असणं कधीही सोपं.

भिजल्यावर घाई, तीही चुकीची

पाणी ओसरलं की लोक वह्या गच्चीवर उन्हात पसरतात आणि पानं उलगडायला बसतात. ओलं पान ओढलं की फाटतं, कडक उन्हात शाई फिकटते, वही वाकडी होते. चिखल पुसू नका, तो तंतूंत शिरतो. वही मिटलेली धरून स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. ती शाईपेनानं लिहिलेली असेल तर धुऊही नका, शाई वाहून जाते. मग सावलीत, पंख्याखाली, दर दहा-पंधरा पानांत कोरा टीपकागद घालून ठेवा आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.

साधारण 48 तासांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळं वाळवणं जमणार नसेल तर गठ्ठे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून डीप फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, नंतर एकेक काढून सवडीनं वाळवता येतं. पिंपळगावकडची द्राक्षांची शीतगृहं पावसाळ्यात बरीचशी रिकामी असतात, हे माझ्याही डोक्यात आलं होतं. पण तिथलं तापमान शून्याच्या आसपास, कागद गोठत नाही. आणि चिखलाचे गठ्ठे तिथे आत घेणार कोण? ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर उपयोगी पडला.

काकांची दोन चलनबुकं त्यात अकरा दिवस होती. गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक फ्रीझरमध्ये जाण्याआधीच वीट झालं होतं, ते उघडलंच नाही. दुसऱ्यातली एकवीस पानं सुटली आणि त्यांवरच्या सह्या वाचता आल्या.