डबीवर 'फिनॉक्सीइथेनॉल' दिसलं तर

'पॅराबेन-फ्री' क्रीम म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह (क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेला घटक) नसलेली क्रीम नव्हे. बऱ्याचदा पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हची जागा फिनॉक्सीइथेनॉल या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हने घेतलेली असते. ते वाचून डबी फेकू नका. पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि अशी बिघडलेली क्रीम डोळ्यांजवळ लावणं मला जास्त धोक्याचं वाटतं. युरोपीय संघात या घटकाची कमाल मर्यादा १ टक्का आहे. तिथल्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये एवढं प्रमाण लहान मुलांसह सर्वांसाठी सुरक्षित ठरवलं. त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच होते.

काळजी घ्यायची ती बाळाच्या पोटात जाण्याची. स्तनाग्रांना लावायच्या क्रीममध्ये हा घटक मुळीच नको. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) अशाच एका क्रीमबद्दल मातांना सावध केलं होतं.

त्वचा नाजूक असेल तर नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जीची पुरळ उशिराही उठते. खाज किंवा लाली आली तर लगेच धुवून टाका. पुरळ वारंवार येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित घटक त्वचेवर लावून केलेली तपासणी) करून घ्या, आणि जाताना डबीही सोबत न्या.