स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारची घरगुती दुरुस्ती: या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, पिकअप बदलायचेत." गिटार सेकंडहँड, चार-पाच हजारांत घेतलेली. पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी भागासाठी, शिकवण्या घेऊन, पॉकेटमनी वाचवून पैसे जमवलेले. मी गिटार मांडीवर घेतो, पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एफ कॉर्ड धरतो आणि ती बेसूर वाजते. तारांना गंज चढलेला, जॅकचा, म्हणजे केबल लावायच्या भोकाचा, नट सैल. पिकअप मात्र ठणठणीत.

पैसे मोजके असतील तर पहिला खर्च पिकअपवर करू नका. आधी तारांचा नवा सेट लावा आणि पूर्ण सेटअप करा. जुन्या, गंजक्या तारेवर कुठलंच माप खरं निघत नाही. बाराव्या फ्रेटवर ती उगीच चढी किंवा उतरी वाजते आणि तुम्ही तासभर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा, पुढेमागे करत बसता. सेटअपचा क्रमही मोडू नका: तारा, नेकचा (दांड्याचा) बाक, तारांची उंची, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आणि शेवटी पिकअपची उंची. बाक बदलला की उंची बदलते, उंची बदलली की इंटोनेशन बदलतं. उलट्या क्रमाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

ट्रस रॉड फिरवून अ‍ॅक्शन खाली आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, जास्त वाटली की लोक अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) घेऊन हेडस्टॉककडे, खुंट्यांच्या टोकाकडे, वळतात. तारांची उंची ठरते ती ब्रिजवरच्या सॅडलच्या बारीक स्क्रूंनी. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, तिचं काम वेगळं आहे. तारांच्या ओढीने नेक पुढे वाकते, तो बाक ताब्यात ठेवायचा.

बाक मोजायला कुठलंही हत्यार विकत घ्यावं लागत नाही. गिटार सुरात लावा. जाड सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर एक हात मोकळा राहतो. ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट दिसली पाहिजे, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी. फट जास्त असेल तर रॉडच्या टोकाचा नट घड्याळाच्या दिशेने, अजिबात नसेल तर उलट दिशेने फिरवा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. नट जड लागला तर जोर करू नका. तारा सैल करा, नेक हाताने हलकेच मागे ढकलून धरा आणि मग फिरवा, म्हणजे रॉडवरचा भार कमी होतो.

किल्लीचं मापही तपासा. अनेक गिटारींना १/८ इंची, म्हणजे ३.१७५ मिमीची अ‍ॅलन की लागते. घरातल्या सेटमधली ३ मिमीची की त्यात बसल्यासारखी वाटते, पण फिरवताना आतल्या कडा खाऊन टाकते. एकदा नट गोल झाला की तो काढण्याचं काम गिटारच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं. नवीन आशियाई गिटारींना बहुधा ४ किंवा ५ मिमीची लागते. नीट बसणारी एक चांगली की विकत घ्या. या सगळ्या कामात जिथे कंजुषी करू नये अशी ती एक जागा आहे.

आपल्याकडे ऋतूंमुळेही हे काम परत परत निघतं. मुंबईत आणि कोकणात पाऊस सुरू झाला की गिटार अचानक वेगळी वाटते, कारण लाकूड ओल पितं आणि बाक बदलतो. विदर्भातल्या मे महिन्यात उलट होतं: फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचू लागतात. गिटार बिघडलेली नसते. टोकं बारीक कानशीने हळुवार घासून घ्या, बाक पुन्हा मोजा आणि ऋतू स्थिरावेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

खुंट्यांना दोष देऊन नटकडे दुर्लक्ष करणं

"सूर टिकत नाही" म्हटलं की लोक नव्या खुंट्या मागवतात. बहुतेक वेळा खुंटी निर्दोष असते आणि तार नटच्या खाचेत अडकत असते. ओळखायचं कसं? सूर लावताना "टिंग" असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. तार खाचेत चिकटून मग सुटल्याचा तो आवाज. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरा, मऊ ६बी पेन्सिल असेल तर उत्तम. आणि खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे, एकाखाली एक, नीट बसवा. दहा वेढ्यांचा गुंता असेल तर सूर घसरणारच.

खाचा उथळ असल्या तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसभर फट हवी. ठळक फट दिसली तर खाच खोल करायची. नटच्या खास कानशींचा सेट गिटारपेक्षा महाग पडू शकतो. त्याऐवजी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गॅस कटरचं नोझल साफ करायच्या खरखरीत तारांची डबी मिळते, वेगवेगळ्या जाडीच्या बारीक तारांची. मी वर्षानुवर्षं तीच वापरतो. खाच हेडस्टॉककडे किंचित उतरती ठेवा, दोन-चार वेळा घासून लगेच तार बसवून बघा.

घाईत खाच जास्त खोल गेली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणू लागली, तर नट फेकू नका. खाचेत खायच्या सोड्याची चिमूट दाबून भरा आणि फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा घासून घ्या. धूर डोळ्यांत जातो, म्हणून तोंड लांब ठेवा, आणि त्याआधी फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावा. हा कायमचा उपाय नाही, पण कित्येक महिने छान चालतो.

एकाच फ्रेटवर झणझण येत असेल तर सगळे फ्रेट घासायला बसू नका. जुन्या एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट वर आलाय. आधी तो खाली बसतो का बघा: लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोका, कडेने पातळ सुपर ग्लू सोडा आणि दाबून धरा. धातू घासायचा तो सगळ्यात शेवटी, कारण घासलेला धातू परत येत नाही.

न मोजता सोल्डरिंगला बसणं

आवाजच येत नाही म्हणून पूर्ण वायरिंग उपसून काढणारे मी पाहिलेत. त्याआधी साधा मल्टिमीटर घ्या. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, एकच पिकअप निवडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवते, हमबकर (दोन वेटोळ्यांचा) बहुधा ७ ते ९ किंवा थोडं जास्त. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा जॅकमध्येच. आणि २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास काही आलं तर पिकअपची वायर कुठेतरी सुटलीय आणि मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रेझिस्टर) मोजतोय. दोन मिनिटांत कळतं नेमकं कुठे उघडायचं ते.

सोल्डरिंगमध्ये नेहमी दिसणारी चूक पॉटच्या पाठीवर होते. तिथे ग्राउंडची वायर जोडायची असते. पाठ धातूची आणि मोठी, ती उष्णता खाऊन टाकते. २५ वॅटची बारीक सोल्डरिंग आयर्न तिथे मिनिटभर टेकवून ठेवली की आतला कार्बनचा पट्टा जळतो, आणि वर सोल्डरचा नुसता गोळा बसतो, पकड नसलेला. त्यापेक्षा पाठ पॉलिश पेपरने खरवडा, ४० ते ६० वॅटची आयर्न घ्या आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. सोल्डरची वायर राळ भरलेली ६०/४० ची घ्या. पत्र्याच्या कामाचं आम्लयुक्त फ्लक्स घेऊ नका, ते पुढे तांबं कुरतडतं.

पॉट घेताना पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदार विचारेल, कितीचा? सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के. त्यापुढे 'ए' अक्षर हवं, म्हणजे लॉगरिदमिक. 'बी' लावला तरी गिटार वाजते, पण आवाजाचा चढउतार कानाला एकसारखा वाटत नाही. आणि पॉट नुसता खरखरत असेल तर बदलण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीसेक वेळा फिरवून बघा.

गुणगुण थांबवण्यासाठी अर्थिंग काढून टाकणं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तीच घरघर अ‍ॅम्पमधून ऐकू येते. तारांना हात लावला की घरघर कमी होते का? तर ग्राउंड ठीक आहे, कमी आहे ती शील्डिंगची, म्हणजे आतल्या धातूच्या अस्तराची. हात लावल्यावर वाढते? तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात. काहीच फरक पडत नाही? तर ब्रिजला जाणारी ग्राउंडची वायर तुटलीय.

शील्डिंगला तांब्याची टेप उत्तम. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइलही चालतं, पण त्याला सोल्डर चिकटत नाही. ग्राउंडची वायर स्क्रूने दाबून जोडा, आणि जॅकची टिप फॉइलला टेकत नाही ना ते बघा. सिंगल कॉइलची घरघर त्याने कमी होते, पूर्ण जात नाही, कारण चुंबकीय क्षेत्र फॉइलमधूनही आत येतं.

घरघर जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कापणं, हे मात्र कधीही करू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी प्रयोगाच्या वेळी स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोन नीट अर्थ केलेला नव्हता आणि हातात गिटारच्या तारा होत्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंग असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर तो घरी उघडूच नका, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

पिकअप थेट गॅसवर मेणात बुडवणं

पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारत असेल तर आतल्या वेढ्यांची थरथर थांबवायला तो मेणात बुडवतात. चूक अशी की मेणाचं भांडं सरळ गॅसवर ठेवलं जातं. मेण भडकू शकतं, आणि प्लास्टिकचा बॉबिन (वेढे गुंडाळलेली रीळ) वाकडा होतो तो वेगळाच. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा, शेजारी थर्मामीटर, आणि तापमान ६५ अंशांच्या आसपास. बुडबुडे थांबले की बाहेर काढा. क्वीनच्या ब्रायन मेने आपल्या बर्न्स पिकअपमध्ये मेणाऐवजी अ‍ॅराल्डाइट भरलं होतं. ते टिकतं, पण पिकअप पुन्हा कधी उघडता येत नाही.

नवीन बांधताना: फ्रेट ते फ्रेट मोजणं

ब्रायन मेची ती गिटार, रेड स्पेशल, त्याने आणि वडिलांनी १९६३ पासून घरीच बनवली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, व्हायब्रॅटोला (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे.

जुनं लाकूड आपल्याकडेही आहे. वाडा पाडला की निघणारं सागवान वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. पण करवत लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असतोच. आणि सागवान तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर सांधा सुटतो.

पहिल्याच गिटारला नेक स्वतः करायला जाऊ नका, तयार घ्या. करायचीच असेल तर मोजमाप नीट करा. ६४८ मिमी स्केलमध्ये (नटपासून ब्रिजपर्यंतच्या लांबीत) नटपासून पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर येतो, म्हणजे ६४८ भागिले १७.८१७. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की पुढचा. पण लाकडावर खूण करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर अर्धा मिलिमीटरची चूक साचत साचत बाराव्या फ्रेटपर्यंत सूर बिघडवते. बारावा बरोबर ३२४ मिमीवर यायला हवा.

ब्रिजचीही तीच गत. सॅडल अगदी ६४८ वर बसवलं तर जाड तारा चढ्या वाजतात, कारण दाबल्यावर तार ताणली जाते. बारीक तारेचं सॅडल पुढे सरकवून ६४८ वर ठेवा, म्हणजे बाकीच्यांना मागे जायला जागा राहते. नेक बसवा, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणा, तो फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहे का बघा, ब्रिज टेपने चिकटवा, पुन्हा एकदा मोजा. मगच ड्रिल हातात घ्या.