गुडघ्यांना जपणारा व्यायाम निवडताय? मग या चुका टाळा

चाळिशी उलटली आणि पळताना गुडघे कुरकुरायला लागले की बहुतेक जण चालणं, सायकल, पोहणं किंवा जिममधल्या एलिप्टिकलकडे (पाय न उचलता चालल्यासारखे फिरवायचं यंत्र) वळतात. निर्णय योग्यच आहे. पळताना दर पावलाला वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर येतो, चालताना तो वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो. तरीही महिन्याभरात गुडघा धरून बसणारे कमी नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ सायकलवर होतो, आणि बहुतेकदा तो सीटचा असतो. जिममध्ये आधीचा माणूस सीट ज्या उंचीवर सोडून गेला, तिथेच आपण बसतो. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीच्या आसपास दुखायला लागतं. फार वर असली तर पॅडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल तळाशी न्या. पाय तिथे जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाऊल मागे घेऊन चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. कंबर डुलते का, हे मागे उभं राहून दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. स्वतःला ते कळत नाही. सीट जमली तरी जड गिअरवर रेटत बसू नका. गिअर हलका ठेवून मिनिटाला 70-80 फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

चालणाऱ्यांचा प्रकार उलटा. बागेत गप्पा मारत चार चकरा झाल्या की व्यायाम झाला, असं समजायचं! बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेली आठवड्याची 150 ते 300 मिनिटं अशा वेगाची आहेत. दहा हजार पावलांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका; तो 1960च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या विक्रीतून रूढ झाला. आणि 220 वजा वय म्हणजे नाडीचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, हे गणित ढोबळ आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर ही नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर ते पार चुकतं, तेव्हा बोलण्याचीच कसोटी धरा.

पुण्यात पर्वती किंवा एखादी टेकडी गाठणाऱ्यांना चढताना लागणाऱ्या धापेची काळजी असते. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना. दुखत असेल तर उतरताना कठडा धरा, घाई करू नका.

पोहताना गुडघ्याची आतली बाजू दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी मारायची लाथ तपासा. काही दिवस फ्रीस्टाइल करून फरक पडतो का बघा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पोहणं आणि सायकल यांत हाडांवर पुरेसा भार येतच नाही, आणि हाडांना तो लागतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांनी तर फक्त पोहण्यावर अजिबात विसंबू नये. आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, झेपेल तितकी वजनं, असं काहीतरी जोडीला ठेवा. गुडघा सुजला किंवा मध्येच अडकला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठा.