बिझनेस क्लासमध्ये वाइन मागताना

बावीस वर्षं मी आंतरराष्ट्रीय विमानांच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, काम केलं, त्यातली शेवटची नऊ बिझनेस क्लासमध्ये. नात्यातलं कुणी पहिल्यांदा बिझनेसने निघालं की फोन येतोच, "वाइन कुठली घेऊ?" मी म्हणते, कुठली ते नंतर बघू, आधी मागायची कशी ते ऐक. एकाच बाटलीतला ग्लास एकाला फिका लागतो आणि शेजारच्याला सुरेख, हे मी रोज बघितलंय.

वर गेल्यावर आपली चव बदलते. केबिनमधला हवेचा दाब 6000 ते 8000 फूट उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर. हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडतं आणि वास कमी कळतो. लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीने तिथल्याच फ्राउनहोफर संशोधन संस्थेकडून यावर अभ्यास करून घेतला होता, जुन्या एअरबस विमानाचा सांगाडा हवेचा दाब कमी करता येणाऱ्या नळकांड्यात ठेवून. खारट आणि गोड चव वर मंदावते, असं त्यात दिसलं. त्यामुळे जमिनीवर नाजूक लागणारी वाइन वर पाणचट लागते आणि तुरट रेड अजून तुरट होते, कच्ची सुपारी चावल्यासारखी. म्हणून फळाचा वास भरपूर असलेली वाइन निवडा. व्हाइटमध्ये न्यूझीलंडची सोव्हिन्यों ब्लां किंवा जर्मन रीसलिंग, रेडमध्ये अर्जेंटिनाची माल्बेक नाहीतर ऑस्ट्रेलियाची शिराझ. यादीत फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनचं मोठं नाव दिसलं तरी लगेच भुलू नका. कमी वयाची बोर्दो वर फार कडक लागते.

आता तापमान. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रेडच्या बाटल्या बऱ्याचदा थंड कार्टला लागून ठेवलेल्या असतात, त्यामुळे ग्लासात येते ती गारठलेली रेड, आणि तिला काही वासच नसतो. जेवणाबरोबर रेड हवी असेल तर पहिल्या पेयाच्या वेळीच सांगा, "जेवणासाठीची रेड आत्ताच बाहेर काढून ठेवाल का?" कुठल्याही क्रूला हे जमतं. तरीही थंड आली तर ग्लासचा पोटाचा भाग दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं बसा. वास हळूहळू उघडतो. व्हाइट आणि शँपेनचं उलटं. टेकऑफनंतर लगेच घाईत काढलेली बाटली पुरेशी गार झालेली नसते. "बर्फातली द्या" एवढंच म्हणा.

शँपेनबद्दल अजून एक. विमान जमिनीवर असताना जो ग्लास मिळतो त्यावरून मत बनवू नका. काही विमानतळांवर करांच्या नियमांमुळे खाली वेगळीच, साधी स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन देतात. खरी शँपेन वर गेल्यावर उघडते. तेव्हा "नवी बाटली उघडलीत की सांगा" असं म्हटलं तर बुडबुडे मेलेला ग्लास वाट्याला येत नाही.

आणि ओतण्याआधी बाटली बघायला मागा, थोडी चाखायला मागा. लाजू नका. हे मला एका प्रवाशाने शिकवलं. तासगावकडचे द्राक्षबागायतदार होते, माल युरोपला जायचा म्हणून निघालेले. मी महागडी रेड ओतली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्याला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय." मी वास घेतला. खरंच होतं. बुचातल्या दोषाने बाटली खराब झालेली होती, आणि त्याच बाटलीतून मी त्यांच्याआधी तिघांना ओतलं होतं. तिघेही गप्प बसून प्यायले होते. मी चारही ग्लास परत घेतले, नवी बाटली उघडली. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीचा वास घेतल्याशिवाय मी ओतलं नाही. पण घाईच्या फ्लाइटला सगळ्याच क्रूला तेवढी सवड मिळते असं नाही. भिजलेला पुठ्ठा, गोणपाट, बुरशी असा वास आला तर सरळ सांगा. बाटली बदलून देतात, कारण विचारत नाहीत.

देशांतर्गत विमानांत आपल्याकडे मद्य मिळत नाही, कितीही महाग तिकीट असो. आणि सौदी अरेबियाची सौदिया, कुवेत एअरवेज यांच्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांतही नाही. तिकीट काढतानाच हे बघून घ्या.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगते. बरेच ग्लास घेऊन लगेच आडवं होऊ नका. 2024 मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मन संशोधकांचा एक अभ्यास आला. केबिनसारख्या दाबाखाली, मद्य घेऊन झोपलेल्या तरुण, निरोगी माणसांच्याही रक्तातला ऑक्सिजन 85 टक्क्यांच्या आसपास उतरला होता आणि हृदयाचे ठोके वाढले होते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर रात्रीच्या फ्लाइटला वाइन नकोच. झोपेची गोळी घेतली असेल तर एक थेंबही नको. बाकीच्यांनी दर ग्लासामागे एक ग्लास पाणी, आणि झोपायच्या दोन-तीन तास आधी शेवटचा घोट. "मला उठवू नका, पण पाण्याची बाटली उशाशी ठेवा" असं सांगून ठेवलंत तर क्रू ती नक्की ठेवतो.