पांढऱ्या फुलांच्या झाडांना कात्री कधी लावायची

मोगरा हिरवागार वाढतोय, पण कळी एकही नाही. अनंताला कळ्या धरतात, पण उमलायच्या आधीच गळतात. अशा वेळी पहिला हात खताकडे जातो, आणि चूक तिथेच होते. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, तर अनंताच्या कळ्या आधीच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. एवढं लक्षात ठेवलं की छाटणीची वेळ चुकत नाही.

मोगऱ्याची छाटणी थंडी ओसरू लागली की करायची. त्याआधी झाडाला ताण द्या: जमिनीतल्या झाडाचं पाणी दोन-तीन आठवडे तोडा, कुंडीतल्याचं आठ-दहा दिवस. खालची पानं पिवळी पडून गळू लागली म्हणजे ताण पुरेसा झाला. कोवळ्या फांद्या सुरकुतल्या तर जास्त झाला. लगेच थोडं पाणी घाला.

आता धारदार, स्वच्छ कात्री घ्या. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. बाकीच्या जमिनीतल्या झाडावर साधारण दीड फुटावर, कुंडीतल्या झाडावर निम्म्या उंचीवर कापा. फांदी जवळून पाहा: मोगऱ्याची पानं बहुधा जोडीने, समोरासमोर असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत बारीक डोळा असतो. काप या पेराच्या, म्हणजे पानांची जोडी फुटते त्या सांध्याच्या, अर्धा सेंटीमीटर वर घ्या. मग एका फांदीला दोन फुटवे येतात, आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका. पेरापासून फार वर कापलं तर मधला तुकडा वाळतो आणि कूज खाली उतरू शकते. राहिलेली जुनी पानंही खुडून टाका.

मग वरची दोन इंच माती मुळं न दुखावता मोकळी करा. 12 इंची कुंडीला दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे बोनमील मिसळा, तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. दोनेक आठवड्यांत फूट दिसते, पाच-सहा आठवड्यांत कळ्या. झाडावर रोज किमान सहा तास थेट ऊन हवंच. सावलीतला मोगरा वेलीसारखा लांबतो पण फुलत नाही. युरिया दिला तर पानांचाच पसारा वाढतो. पहिला बहर संपला की सुकलेला झुबका खालच्या दोन पानजोड्यांसह कापा. त्याच जागी पुढच्या बहराची फूट येते. आळस होतो तो इथेच, आणि म्हणूनच अनेकांचा मोगरा एकदाच फुलून थांबतो.

कळ्या जांभळट होऊन न उमलताच वाळत असतील तर एक कळी उघडून पाहा. कडेला बारीक भोक आणि आत अळी दिसली तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज खुडून नष्ट करा, झाडावर किंवा खाली मातीत ठेवू नका. नंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पानांखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे. पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाण्याचा फवारा मारा. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय: लिटरमागे 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून महिन्यातून एकदा फवारा.

अनंताला मात्र थंडी सरताना कात्री लावू नका, धरलेल्या कळ्याच कापल्या जातील. बहर संपल्यावर लगेच, हलक्या हाताने छाटा. याला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) 5 ते 6. पाणी क्षारयुक्त असेल तर पानं पिवळी पडतात, त्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. कळ्या गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक दिवस कोरडी माती आणि दुसऱ्या दिवशी चिखल. कळी धरल्यावर कुंडी जागची हलवू नका. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून खुरपं न चालवता पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन घाला. फूल दोन-तीन दिवसांत पिवळसर पडतं; तो रोग नव्हे.

कुंदाला थंडीपासून वसंतापर्यंत फुलं येतात, त्यामुळे त्याची छाटणी फुलं संपल्यावर. कुंतीचं कुंपण दर पंधरवड्याला एकसारखं कातरलं की शेंडेच जातात आणि फुलंही; एक बहर होऊन गेल्यावर एकदाच छाटा. तगर सगळ्यांत सोशिक, अर्धवट सावलीतही फुलते. तिचा पांढरा चीक विषारी असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि लहान मुलांना दूर ठेवा.

मोगरा खुडायचा तो दुपार कलल्यावर, कळी पूर्ण भरून शुभ्र झाली पण मिटलेलीच आहे अशा वेळी. रात्री ती ओंजळीत उमलते. हिरवट झाक असलेली कळी झाडावरच राहू द्या, तोडल्यावर ती नीट उमलत नाही.