नकाशा, जीपीएस आणि २०० मीटरची तफावत
अमेरिकेतील दक्षिण वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीला जाताना सार्वजनिक जमिनीची हद्द अचूक कळणे मला परवान्याइतकेच महत्त्वाचे वाटते. कारण १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी रेल्वेमार्गालगतचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे रेल्वे कंपनीला दिले, आणि म्हणून तिथे सरकारी व खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटावरील घरांसारखी शेजारी-शेजारी आहे. जुन्या १:२४,००० नकाशावरून यूटीएमचे (जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या जाळीचे) आकडे काढून मी ते हातातल्या जीपीएसमध्ये भरले होते. पण कुंपणाच्या कोपऱ्याशी उभा राहिलो, तेव्हा यंत्र तोच कोपरा सुमारे २०० मीटर दक्षिणेला दाखवू लागले. उपग्रहांचा संकेत कमकुवत असेल म्हणून थांबलो, तरी फरक पडला नाही. मग नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमचा, म्हणजे ‘नॅड २७’ चा, उल्लेख दिसला (डेटम म्हणजे स्थानाचे आकडे ज्या आधारावर मोजतात ती संदर्भ-चौकट; ती बदलली की त्याच आकड्यांची जागा सरकते); यंत्र मात्र डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर होते. सेटिंगमध्ये ‘नॅड २७ कोनस’ (अमेरिकेच्या मुख्य भूभागासाठीचा नॅड २७) निवडून बिंदू नव्याने भरला (आधी साठवलेला बिंदू नुसत्या बदलाने दुरुस्त होत नाही), आणि तो कुंपणाच्या खांबापाशी आला.

यंत्र निवडताना मी हातमोजे घालून दाबता येणारी बटणे आणि बदलता येणारे एए सेल यांनाच प्राधान्य देतो. थंडीत लिथियम सेल अधिक टिकतात.